सिस्टर बोलणार नाहीत!

"येऊ दे कोण यायचंय ते! फाटकावर मी आहे ना!"

सत्यशीलेनं ही घोषणा शुक्रवारी संध्याकाळी हौदापाशी तेहेतीस मुलींसमोर केली. नुकतीच ती तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत दुसरी आली होती, आणि तेव्हापासून साधं मीठ मागायचं असलं तरी ती हात उंचावून मागायची. (पहिला आला तो परीक्षकांच्या साडूचा मुलगा, असा तिला दाट संशय होता. पुरावा नव्हता. पण पुरावा असता तर त्याला संशय कोण म्हणालं असतं?)

झालं होतं असं, की श्रीगोंद्यापासून नऊ किलोमीटरवरच्या त्या हॉस्टेलातल्या पाच कॅथलिक सिस्टर त्या संध्याकाळपासून मौन साधनेला बसणार होत्या. दरवर्षी दिवाळीत मुली घरी गेल्या की सिस्टर आपलं मौन उरकून घेत. यंदा प्रवचन देणारे फादर ऐन दिवाळीत आजारी पडले. म्हणून मौन जानेवारीत आलं आणि प्रवचनं रेकॉर्ड होऊन मोबाईलवर आली. प्रार्थना, प्रवचन, जेवण, झोप. बोलणं नाही! आग लागली तरच तोंड उघडायचं, असा मोठ्या सिस्टरांचा, म्हणजे सिस्टर एंजेलांचा, नियम होता.

"सत्यशीला," सिस्टर एंजेला तिला म्हणाल्या होत्या, "फाटक तुझ्याकडे. आमच्या जेवणाच्या वेळी संतचरित्र वाचून दाखवायचं, तेही तुझ्याकडे. आणि कुणी आलं तर सांगायचं, 'सिस्टर मौन साधनेत आहेत, पुढच्या रविवारनंतर या.' किती वाक्यं?"

"एकच, सिस्टर!"

"नक्की?"

"एकच! पण समजा तो माणूस म्हणाला की..."

"एकच!"

आता सत्यशीलेला एक वाक्य सांगणं म्हणजे उसाच्या ट्रॉलीला एकच कांडकं भरून कारखान्यावर पाठवणं. पण इलाज नव्हता. सिस्टरांना तिच्याहून खणखणीत आवाजाची मुलगी मिळाली नसती.

आणि फाटक सांभाळणं ह्या वर्षी काही खेळ नव्हता. दोन वर्षांपासून बिशप हाऊस आणि सिस्टर यांच्यात जुंपली होती. बिशपस्वामींचं म्हणणं, गावाकडचं हॉस्टेल बंद करा आणि पाचही जणी नगरच्या नव्या शाळेवर या. धर्मप्रांत आमचा, ठरवणार आम्ही. सिस्टरांचं म्हणणं, घर आमच्या संघाचं, हलवायचं तर आमच्या पुण्याच्या प्रमुख मदरना विचारा. पत्रं जात होती, पत्रं येत होती. सगळी गोड. 'ख्रिस्तामध्ये प्रिय' पासून सुरुवात आणि 'नम्र' वर शेवट, मधे नुसता मिरचीचा ठेचा! सत्यशीलेनं ती सगळी वाचली होती. टेबलावर चहा ठेवताना उलट्या बाजूनं पत्र वाचायची कला तिनं चार वर्षांत कमावली होती.

तिला ही भानगड इतकी लागायचं कारणही तसंच होतं. तिचे आईवडील दिवाळी झाली की पाथर्डीकडून ऊसतोडीला निघत. तोडीवर नवराबायको मिळून एक कोयता धरतात, आणि एकटा माणूस असला की अर्धा कोयता. हॉस्टेल बंद झालं असतं तर दहावीची सत्यशीला परीक्षेऐवजी फडात गेली असती, अर्धा कोयता म्हणून! नुसती तीच नाही, बाकीच्या तेहेतिसांतल्या निम्म्या तरी.

सव्वीस जानेवारीला झेंडावंदन करून मुली दहाला परत आल्या, आणि सव्वादहाला फाटकाशी पांढरी जीप उभी राहिली. काचेवर क्रूस! आतून एक पांढरा झगा लंगडत उतरला. मागून ड्रायव्हर उतरला, आणि त्याच्या हातात मोजायची टेप होती.

टेप! सत्यशीलेच्या कपाळावर आठी पडली. गावात मोजणीचा माणूस आला की कुणाची तरी जागा जाते, हे शेंबडं पोरही सांगेल.

"मी फादर नॅथन. बिशप हाऊसहून आलोय," लंगडे फादर हसून म्हणाले. "सिस्टर एंजेला आहेत का, बाळ?"

एक वाक्य. जिभेवर आलंसुद्धा होतं! पण तिच्या डोक्यात वीज चमकली. सिस्टर अजून आठवडाभर बोलू शकत नाहीत हे ह्यांना कळलं, तर झालंच की! भांडायला कुणी नाही म्हटल्यावर सगळं मोजून, कुलूप लावून मोकळे! नाही, शत्रूला गुपित सांगायचं नसतं.

"आहेत," ती म्हणाली. "पण सिस्टर बोलणार नाहीत."

"माझ्याशी?"

"कुणाशीच नाही. तुमच्याशी तर मुळीच नाही!"

फादरांचं हसू ओसरलं. "कधीपासून हे?"

"शुक्रवारपासून. पाचही जणींचं एकमतानं ठरलंय."

"आणि किती दिवस चालणार?"

"ते आम्ही बाहेर सांगत नाही."

ड्रायव्हर, गोरक्ष त्याचं नाव, टेपनं डोकं खाजवत म्हणाला, "फादर, ह्यो तर संपच दिसतोय!"

तेवढ्यात स्वतः सिस्टर एंजेलाच अंगणातून आल्या. हातात जपमाळ, नजर जमिनीला खिळलेली. डोक्यावरच्या कापडाआड दोन्ही कानांत इअरफोन होते आणि त्यातून तिसऱ्या दिवसाचं प्रवचन चालू होतं, हे फक्त सत्यशीलेला माहीत.

"जय येशू, सिस्टर!" फादर पुढं होऊन म्हणाले.

सिस्टर एंजेला त्यांच्यापासून हातभर अंतरावरून, त्यांच्या बुटांकडेही न बघता, एसटीनं विनंती थांबा टाकून जावं तशा निघून गेल्या.

फादरांचे जोडलेले हात हवेतच राहिले. "अहो... मला बघितलंसुद्धा नाही!"

"लई राग धरलाय," गोरक्ष म्हणाला.

सत्यशीलेला मनातून उकळ्या फुटत होत्या. वा! असा दणका तर तिला भाषणातही जमला नसता!

पण फादर काही परत जाईनात. बाकावर बसून त्यांनी डायरीत काहीतरी लिहिलं (उलट्या बाजूनं वाचता आलं नाही, अक्षरच तसं होतं) आणि गोरक्षला हात केला. गोरक्ष टेप घेऊन थेट हॉस्टेलच्या मागं गेला.

"काय मोजतूयास रं?" स्वयंपाकघरातून साळूबाईंचा आवाज आला. साळूबाई म्हणजे हॉस्टेलच्या स्वयंपाकीण. संशयाच्या बाबतीत सत्यशीला त्यांचीच चेली.

"जागा मोजतोय, मावशी."

"जागा व्हय? कशापायी?"

"साहेबानी सांगितलं तेवढं करायचं, मावशी. आमी कशाला इचारतोय?"

"न्हाई इचारलंस, मंजी ठाव हाय तुला!" साळूबाईंनी परातीवर हात आपटला. "सत्ते, ह्ये काय खरं न्हाई गं!"

सत्यशीलेनं लगेच आपली मैत्रीण अश्विनी हिला कामाला लावलं. अश्विनी अत्यंत गरीब चेहऱ्याची. ती गोरक्षकडे गेली आणि म्हणाली, "दादा, मी धरू का टेपचं ते टोक?" गोरक्ष खूश! तो पाठमोरा झाला की अश्विनी टोक धरून चार पावलं आत सरकायची. असं तिनं चारही बाजूंनी केलं. कागदावर हॉस्टेलची मागची जागा बघता बघता कोंबड्यांच्या खुराड्याएवढी झाली.

"घेऊ देत आता ताब्यात!" सत्यशीला म्हणाली.

बाराला जेवणाची घंटा झाली. सिस्टरांच्या जेवणघरात साळूबाईंनी फादरांसाठी एक ताट जास्त मांडलं. पाहुणा कितीही संशयित असला तरी उपाशी ठेवायचा नाही, हा त्यांचा धर्म. पाचही सिस्टर आल्या, बसल्या, जेवू लागल्या. सिस्टर एंजेलांनी फादरांना बघितलं, किंचित चमकल्या, आणि मग चक्क मान लववून गोड हसल्या! शब्द मात्र नाही. भाजी फादरांपासून दूर होती. त्यांनी बोटानं दाखवली, कुणाचं लक्ष नव्हतं. ते बिचारे कोरडी भाकरी चावत बसले.

कोपऱ्यात उभी राहून सत्यशीला वाचत होती. वाचायचं होतं एका संत स्त्रीच्या बालपणाबद्दल. पण तिनं आदल्या रात्रीच पुढची पानं चाळून ठेवली होती. तिनं सरळ पंचवीस पानं उलटली आणि सभा जिंकायच्या आवाजात सुरू केलं:

"'तेव्हा त्या नगराच्या बिशपांनी त्या गरीब भगिनींना मठ सोडून जाण्याची आज्ञा केली! भगिनी काहीच बोलल्या नाहीत. त्या फक्त प्रार्थना करीत राहिल्या. आणि तिसऱ्या दिवशी बिशपांचा दूत आजारी पडला. त्याचा पाय सुजून भोपळ्याएवढा झाला!'"

फादरांनी आपला लंगडा पाय हळूच टेबलाखाली ओढून घेतला.

"'उजवा पाय!'" सत्यशीलेनं जोडून दिलं. हे पुस्तकात नव्हतं.

फादर ताटावरून उठले. व्हरांड्यात जाऊन त्यांनी फोन लावला, आणि खांबाआड उभ्या राहिलेल्या सत्यशीलेला एका बाजूचं सगळं ऐकू आलं.

"नाही, स्वामी. एक अक्षर बोलत नाहीत... हो, पाचही जणी. जेवतानासुद्धा मला ऐकू जाईल असं काहीबाही वाचायला लावलं... हो, पत्र माझ्याकडेच आहे, दिलं नाही अजून... बंद? कायमचं?... बरं, स्वामी. थोडा वेळ थांबतो, प्रार्थना करतो, मग निघतो."

बंद! कायमचं!

सत्यशीलेच्या डोळ्यांसमोर फड आला, पाचटाची अंगात रुतणारी कूस आली, डोक्यावरची मोळी आली. म्हणजे तिचा संशय खरा होता! पण संशय खरा ठरल्यावर माणसाला जो आनंद होतो तो कुठे होता? कुठेच नव्हता.

फादर चॅपेलमध्ये, म्हणजे सिस्टरांच्या छोट्या प्रार्थनाघरात, जाऊन खुर्चीत बसले. शेजारच्या स्टुलावर फाईल, फाईलवर पेन. आणि मग ते घडलं! पाचही सिस्टर एकामागे एक, मान खाली घालून, चॅपेलमध्ये शिरल्या आणि फादरांच्या मागं रांग लावून गुडघ्यांवर बसल्या. फादरांनी वळून बघितलं आणि ते दचकले. मग सर्वांत धाकट्या सिस्टर मोनिका उठल्या, खुर्चीशेजारी गुडघे टेकून फादरांच्या कानाशी पुटपुटू लागल्या. फादरांनी डोळ्यांवर हात धरला. थोड्या वेळानं सिस्टर मोनिका बाहेर आल्या, त्या डोळे पुसतच!

आता, तुम्ही कॅथलिक असाल तर हे वाचून कपाळावर हात माराल. पण सत्यशीला कॅथलिक नव्हती. तिचं घराणं चार पिढ्यांचं प्रोटेस्टंट. त्यांच्यात पाप झालं तर माणूस थेट देवालाच सांगतो, मधे कुणी फादर नाही. पापनिवेदनासाठी, म्हणजे फादरांच्या कानात पापं सांगायला (मौनातही त्याला मुभा असते), मोठ्या चर्चमध्ये जाळीचं लाकडी खोकं असतं एवढं तिनं ऐकलं होतं. इथे ना खोकं, ना जाळी! होती ती फाईल, पेन, आणि रडत बाहेर येणारी सिस्टर.

"सह्या घेतायत!" ती खिडकीशी अश्विनीच्या कानात किंचाळली. "एकेकीला धमकावून सह्या घेतायत! आणि सिस्टरांना मोठ्यानं 'नाही' म्हणता येत नाही गं! मौन!"

अश्विनी हिंदू. तिला तर ह्यातलं काहीच माहीत नव्हतं. ती म्हणाली, "मग त्यांचं मौन तोडायला पाहिजे."

"पण ते तर फक्त आग..."

दोघींनी एकमेकींकडे बघितलं.

पुढच्याच क्षणाला सत्यशीला हॉस्टेलच्या पितळी घंटेला लोंबकळत होती. "आग! आग! चॅपेलला आग!"

जानेवारीत, श्रीगोंद्यात, आजूबाजूला उभा ऊस असताना 'आग' म्हणून ओरडणं म्हणजे काय ते तुम्हांला सांगायला नको. दोन मिनिटांत शेजारच्या फडातले वीस-पंचवीस तोडकरी कोयत्यांसकट धावत आले. कुणी ओली पोती आणली, कुणी वाळूची घमेली. ट्रॅक्टरवाल्यानं ट्रॅक्टर थेट फुलझाडांत घातला. मुली मनापासून किंचाळत होत्या, त्यात त्यांचा हात कुणी धरला नसता. पण सर्वांच्या आधी पोहोचल्या त्या साळूबाई. नळाला पाणी चारला येतं, म्हणून त्यांनी हाताला लागलं ते उचललं. हाताला लागलं होतं संध्याकाळच्या कढीसाठी ठेवलेल्या ताकाचं पातेलं.

"व्हा बाजूला!" असं गरजून त्यांनी ते अख्खं पातेलं धुराच्या दिशेनं रिकामं केलं. धूर उदबत्तीचा होता. त्या दिशेला फादर नॅथन होते.

फादरांच्या भुवयांवरून ताक गळत होतं. कानावर कढीलिंबाचं पान. मांडीवर घेऊन वाचवायला गेले होते ती फाईल ताकात भिजून तिची पानं ओल्या पापडासारखी मऊ पडली होती.

"कमाल आहे!" फादर कडाडले. "तीन तास माझ्याशी एक शब्द नाही! पापं सांगायला मात्र रांग! आणि वर हे ताक!"

सिस्टर एंजेलांनी तोंड उघडलं. तीन दिवसांनी! आवाज आधी फुटलाच नाही, मग मोटरसायकलीच्या तिसऱ्या किकेला फुटावा तसा फुटला. "फादर... आम्ही मौन साधनेत आहोत. बिशप हाऊसनं पापनिवेदनासाठी तुम्हांला पाठवलं असं वाटलं मला. भांडण विसरून पाठवलं, म्हणून बरं वाटलं."

"मौन साधना? जानेवारीत? आम्हांला कळवलं नाहीत?"

"पत्र पाठवलं होतं."

"कुठलं प..." फादर थांबले. मग हळू म्हणाले, "तुमची पत्रं आता आली की वादाच्या फायलीत जातात."

"न वाचता?"

ह्या वेळी मौन फादरांचं होतं.

"पण फाटकावर मी सत्यशीलेला एक वाक्य देऊन ठेवलं होतं," सिस्टर एंजेला म्हणाल्या.

चौतीस मुली वजा एक, पाच सिस्टर, पंचवीस तोडकरी आणि एक ताकातले फादर सगळे एकदम सत्यशीलेकडे वळले. तिला आयुष्यात एवढी मोठी सभा कधी मिळाली नव्हती. आणि शब्द मात्र सुचत नव्हता!

"मी... मी नाही सांगितलं," ती म्हणाली. "कळलं असतं तर तुम्ही हॉस्टेल मोजून नेलं असतं."

"हॉस्टेल?" गोरक्ष पुढं झाला. "अगं बाय, बाथरूमाची जागा मोजत हुतो आमी! चौतीस पोरी आन् दोन बाथरूमं! स्वामींनी आठ नवी मंजूर केलीत. पर जागाच लई बारकी निघाली, चारच बसत्याल."

अश्विनी अगदी बारीक आवाजात म्हणाली, "दादा, पुन्हा मोजता का?"

फादरांनी फाईलमधला एक लगदा दोन बोटांत उचलला. "हे बिशपस्वामींचं पत्र होतं. हॉस्टेल चालू ठेवा, सिस्टर इथेच राहू देत, फक्त एकीनं नगरच्या शाळेवर यावं, असं होतं यात. सही-शिक्क्यासकट! सिस्टर समोर बसून बोलल्या तर द्या, म्हणाले होते. आणि मी तासाभरापूर्वी फोन करून सांगितलं, बोलायलाच तयार नाहीत. ते म्हणाले, बंद करा मग."

साळूबाईंनी हातातलं पातेलं खाली ठेवलं.

"फोन लावा," सत्यशीला म्हणाली. ह्या वेळी हात उंचावलेला नव्हता. "चूक मी केलीय. मीच सांगते."

फादरांनी सिस्टरांकडे बघितलं, सिस्टरांनी फादरांकडे. दोन वर्षांत दोन्ही पक्षांचं पहिल्यांदाच एकमत झालं. फोन लागला. स्पीकर चालू झाला.

आणि सत्यशीला बोलली. बापरे, काय बोलली! टेप, इअरफोन, पंचवीस पानं, उजवा पाय, ताक, सगळं कबूल केलं. मधेच फड आला, आईचे चिरलेले हात आले, अर्धा कोयता आला. मग घसरून वक्तृत्व स्पर्धा आली, परीक्षकांचा साडू आला. बिशपस्वामींनी पलीकडून सात वेळा "हो, पण..." म्हणून बघितलं. एकदाही त्यांची गाडी पुढं सरकली नाही. अकरा मिनिटांनी तिला दम लागला तेव्हा पलीकडून अगदी दमलेला आवाज आला.

"फादर नॅथन, आहात का?"

"आहे, स्वामी."

"ही मुलगी ह्या पाच सिस्टरांकडे किती वर्षं आहे?"

"चार वर्षं, स्वामी," सिस्टर एंजेला म्हणाल्या.

"चार वर्षं पाच जणी सांभाळून ही अशी आहे. मग हॉस्टेल बंद करून हिला मोकळी सोडायची जबाबदारी धर्मप्रांत घेऊ शकत नाही! चालू ठेवा. पत्र नवीन पाठवतो. आणि सिस्टर, नगरला एक जण द्यायचं ते राहू दे. पाचही लागतील तुम्हांला."

फोन बंद झाला. एकदम गलका उठला! मुली नाचल्या, तोडकऱ्यांनी पोती हवेत उडवली, साळूबाईंनी पदरानं फादरांचा कान पुसला. सिस्टर एंजेलांनी डोळे पुसले, सगळ्यांकडे बघून ओठांवर बोट ठेवलं, आणि पाचही जणी पुन्हा मौनात गेल्या.

सत्यशीला मात्र तिथंच उभी होती. फोन बंद व्हायच्या आधी पलीकडे कुणीतरी हसलं होतं, असा तिला दाट संशय होता.

"अश्विनी," तिनं विचारलं, "ते माझं कौतुकच होतं ना गं?"

अश्विनीनं तिच्याकडे बघितलं. आकाशाकडे बघितलं. मग खाली मान घालून ती सिस्टरांच्या मागोमाग गुपचूप चालू लागली.